आंब्यातली मोहरी

डॉक्टर म्हणाले, "आता घरीच न्या. मागतील ते खायला घाला." त्याचा अर्थ वेंकटेशरावांनाही कळला आणि त्यांच्या बायकोला, हेमावतीबाईंनाही. दोघं रिक्षानं विद्यानगरला परत आले, आणि त्या दिवसापासून कुणी कुणासमोर रडलं नाही. चाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटी हे असं एकमेकांना फसवत बसायचं, सांगा बघू.

बरं, मागतील ते द्या, तर ते काही मागेचनात. औषधांनी तोंडाची चवच गेलेली. हेमावतीबाई ताट पुढं करायच्या आणि तसंच उचलायच्या. जीव तुटायचा त्यांचा. मग एका सकाळी ते आपणहून म्हणाले, "अगं, आंब्यातली मोहरी कर की. चव गेली म्हणून काय झालं, नाकात तर जाईल."

दर मे महिन्यात वेंकटेशरावांच्या थोरल्या बहीण, धारवाडच्या रुक्मिणीअक्का, ही मोहरी करून पाठवायच्या. यंदा अक्कांचे गुडघे धरलेले. हेमावतीबाईंनी ती जन्मात केली नव्हती, पण हे एवढं तरी त्यांच्या पोटात जायलाच हवं होतं. फोनवर विचारून घेतलं. मोहरी पाणी घालून फेसायची, झणका नाकात चढला की पिकल्या आंब्याचा रस, गूळ, मीठ.

तासभर पाट्यावर फेसून बाई घामाघूम झाल्या. दोनदा वास घेतला, नाकाला काही कळेना. आंबा पडल्यावर चढत असेल, म्हणून रस घातला. चाखून बघणार कशी? पहिला घास त्यांचा.

वेंकटेशरावांनी चमचाभर तोंडात घातली आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"गेली बघ नाकात," ते म्हणाले. "अक्काच्या वरताण झालीय."

हेमावतीबाई हरखल्या. लगबगीनं स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी अक्कांना फोन लावला. "अक्का, चढली हो मोहरी. धार लागलीय त्यांच्या डोळ्यांना."

"गुणाची गं बाई. पाणी गार घेतलंस ना?"

"नाही, त्यांच्यासाठी उकळते तेच. जरा गरमच होतं."

अक्का हळूच म्हणाल्या, "अगं, गरम पाण्यात मोहरी चढतच नाही. नुसती कडू होते. सांगायचं राहिलंच बघ माझं."

बाईंनी पाट्यावरची बोटभर चाटून पाहिली. कडूजहर. झणका नावाला नाही. महिनाभर त्या घरात न उकळलेलं पाणी कुणी हातात घेतलं नव्हतं, मग मोहरीला तरी कुठून मिळणार?

खोलीत ते अजून पंच्यानं डोळे पुसत होते. हेमावतीबाई आपला चमचा घेऊन आल्या, खाटेवर त्यांच्याशेजारी बसल्या आणि चांगला मोठा घास घेतला.

"होय हो," त्या म्हणाल्या, "फारच चढलीय." आणि त्यांना रडू फुटलं.

वेंकटेशरावांनी बायकोचा हात धरला. "आहे ना गं अजून?"

"वाटीभर आहे."

दोघांनी मिळून ती वाटी संपवली.