मापांच्या फाइलची राखणदार

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. संगणकाच्या पडद्यावर उमटते. कुलूप लावलेली फाइल कुणी उघडायला गेलं की मी मध्ये येते आणि एवढंच विचारते, 'परवलीचं वाक्य?' वाक्य जुळलं तर बाजूला होते. नाही जुळलं तर जागची हलत नाही.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. त्या गिऱ्हाइकांची मापं एका फाइलमध्ये लिहीत. एकदा एका आगाऊ गिऱ्हाइकाने दुसरीच्या कमरेचं माप सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. ती बिचारी रडत घरी गेली. त्याच दिवशी बाईंनी मुलीकडून फाइलला कुलूप लावून घेतलं; परवलीचं वाक्य मात्र तिला बाहेर पाठवून स्वतःच टाकलं.

अकरा वर्षं मी राखण केली. "ही माझी चौकट तोंडाची पक्की," असं बाई म्हणायच्या. त्या एका बोटाने टाइप करत आणि प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणत. पडद्यावर मात्र नुसते ठिपके. त्या बसल्या की थोड्या वेळाने त्यांचे यजमान पाण्याचा पेला घेऊन यायचे.

"घ्या बाईसाहेब. नवरा केलात की पाणक्या?"

"ठेवा तिथे," बाई हसून म्हणायच्या. पेला बहुधा तसाच राहायचा.

मागच्या वर्षी बाई गेल्या. शिवणयंत्रावर चादर पडली, माझ्या पडद्यावर धूळ. मला कुणी उठवलं नाही.

मग एका सकाळी मुलगी आली. संगणक धड चालत नव्हता, दुपारी भंगारवाला यायचा होता. यजमान म्हणाले, "थांब. तिने लिहिलेलं एवढंच उरलंय."

त्यांनी लग्नाची तारीख टाकली. मुलीचं लाडाचं नाव टाकलं. बाईंच्या माहेरचं गाव टाकलं. दर वेळी मला 'चुकलं' म्हणावं लागलं.

मुलगी म्हणाली, "बाबा, आई तर टाइप करताना बडबडायची. काहीच आठवत नाही?"

"कुठलं काय! बसली की आधी मला हाक. 'अहो, दोन घोट पाणी आणता का?' आणलं की प्यायची नाही."

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने तेच टाइप केलं.

मी बाजूला झाले.

सगळ्यात शेवटी यजमानांचं माप होतं. खाली लिहिलं होतं, 'कंबर दर वर्षी बोटभर वाढते. सांगायचं नाही, रुसतात.'

ते उठले, पेला भरून आणला आणि नेहमीच्या जागी ठेवला. भंगारवाल्याला दारातूनच परत पाठवलं.

मित्रांनो, कुलूप जरूर लावा, पण घरातल्या एका माणसाला किल्ली सांगून ठेवा. त्या सकाळी उत्तर मला ठाऊक होतं. पण मला फक्त विचारता येतं.