उपाशी बंदूक

भुजंगराव पोटावर सरकत गवताच्या शेवटच्या पुंजक्यापर्यंत पोचले, कोपर चिखलात रोवलं आणि ठासणीच्या बंदुकीचा चाप ओढला. दारू पेटवणारी टोपी नुसतीच फटकन वाजली. आतल्या दारूनं रात्रभराचं दव पिऊन मौन धरलं होतं. समोर कमळाच्या पानांतून बदकानं मान वर काढली, आवाज कुठून आला ते पाहिलं आणि घाई न करता शेपूट हलवत पलीकडे निघून गेलं.

"अरे बदका! थांब, बदका!" भुजंगराव ओरडले.

शिकाऱ्यानं सावजाला हाका मारू नयेत, हे त्यांनीच राजवाड्याच्या शिकारखान्यात कित्येक नवशिक्यांना शिकवलं होतं. पण घरात दिवसभर बोलायला कुणी नसलं की माणूस सापडेल त्याच्याशी बोलतो. पलीकडच्या काठावर निंगम्मा परटीण कपडे आपटायची थांबली आणि तोंडाला पदर लावून हसली.

भुजंगरावांनी बंदुकीला शिव्या घातल्या, दारूला घातल्या, दवालाही सोडलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्यांना म्हणायला आता कुणी उरलं नव्हतं. म्हणणारी बायको, गोदावरीबाई, चैत्रात गेली होती.

एके काळी या माणसानं उडतं पाखरू नेम न धरता पाडलं होतं. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि हात कॉफीच्या लोट्यालाही थरथरत होता. केऱ्यावर (म्हैसुरातली मराठी घरंही तळ्याला केरेच म्हणत) थंडीची पाहुणी पाखरं अजून उतरली नव्हती. होतं ते हे एकच बदक, चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका असलेलं आणि अंगात बारा गावचं पाणी मुरलेलं. उजवीकडून जावं तर ते डावीकडे निघे. म्हशींच्या आड लपून जावं तर म्हशीच्याच पाठीमागून बाहेर येई. पावसाळाभर त्यानं म्हाताऱ्याच्या नाकी नऊ आणले होते.

त्याची जोडीदारीण गेल्या खंडेनवमीला भुजंगरावांनीच पाडली होती. गोदावरीबाईंनी ती रांधली, पाटावर मांडलेल्या हत्यारांना नैवेद्य दाखवला आणि स्वतः नुसता सारभात कालवून घेतला.

"का? जेवत का नाहीस?" भुजंगरावांनी विचारलं होतं.

"ते दुसरं सकाळपासून ओरडतंय," त्या म्हणाल्या होत्या. "इथवर ऐकू येतंय, बघा."

भुजंगरावांना त्या वेळी काही ऐकू आलं नव्हतं. आता केऱ्यावरही एकच उरलं होतं आणि घरातही एकच.

नवरात्रातल्या सप्तमीच्या संध्याकाळी अंबाजीराव काठी टेकत आले. हे त्यांचे शिकारखान्यातले सोबती, आणि उंबरा ओलांडणारा आता तेवढाच एक माणूस. कट्ट्यावर बसून त्यांनी आधी नेहमीचं विचारलं.

"मिसरातून खबर?"

"नाही."

अंबाजीरावांनी रस्त्याकडे पाहिलं. जर्मनीची लढाई लागली तेव्हा भुजंगरावांचा एकुलता एक संताजी संस्थानच्या भालाईत घोडदळाबरोबर बोटीनं मिसरला, म्हणजे इजिप्तला गेला होता. घोड्यावर बसण्याआधी तो आईच्या पाया पडला. गोदावरीबाईंचं माहेर बेट्टदपुरचं; मराठी घर, पण चहूकडून कानडी. प्रेम आणि राग त्यांना कानडीतूनच यायचे. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या होत्या, "नूरु वर्ष बदुकु." शंभर वर्षं जग. सुरुवातीला त्याची खुशाली येत राहिली. मग ती थांबली, आणि आई वाट बघून बघून गेली.

"मत्ते, मग नवमीचं काय करणार तू?" अंबाजीरावांनी विचारलं.

"बदक आहे की."

"ते? अय्यो! ते रोज तुझ्या हातावर तुरी देतंय. माझा कोंबडा ने. चांगला माजलाय."

"पाळलेलं चालत नाही आमच्यात."

"तेही खरंच म्हणा." अंबाजीराव उठले. पायरीवर थांबून, मागे न बघता म्हणाले, "पण हत्यार उपाशी ठेवू नको हां, भुजंगा. पोरगा तिकडे आहे."

हे त्यांना सांगायला नको होतं. भुजंगरावांच्या घराण्याची रीतच होती ती. खंडेनवमीला पूजा झालेलं हत्यार सूर्य मावळायच्या आत रक्त लागल्याशिवाय खुंटीवर जायचं नाही. घरातलं हत्यार उपाशी राहिलं, तर मोहिमेवरच्या माणसाच्या हातातलं हत्यार उलटतं. भुजंगरावांचा आजा हे मानत होता, बाप मानत होता. ते स्वतः तरुणपणी हसायचे. संताजी गेल्यापासून त्यांचं हसू गेलं होतं.

नेम धरता येत नाही, तर दुसरी युक्ती हवी. त्यांनी आधीच रिकामी मडकी केऱ्यात तरंगत सोडून ठेवली होती, म्हणजे पाखराची भीड चेपते. अष्टमीला सकाळी पोटाला दोन भोकं पाडलेलं एक मोठं मडकं डोक्यावर पालथं घालून ते गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिले. भोकांतून बघायचं, बदक जवळ आलं की पाण्याखालून पाय धरायचे, आणि नवमीला अंगणात नेऊन बंदूक लावायची. शिकाऱ्याला शोभणारं हे काम नव्हतं. पण रीत हत्याराला रक्त लागण्याची होती. गोळी किती हातांवरून मारायची, हे पूर्वजांनी सांगून ठेवलं नव्हतं.

बदक आलं. एका मडक्याभोवती फिरलं, दुसऱ्याला चोच मारून पाहिली. मग भोकांसमोरून दिसेनासं झालं. भुजंगराव श्वास रोखून उभे होते. एवढ्यात पाणी फडफडलं आणि मडकं एकदम जड झालं.

बदक त्यांच्या डोक्यावर चढून बसलं होतं.

पलीकडे निंगम्मा आणि तिच्याबरोबरच्या बाया हसून हसून पाण्यात बसल्या. भुजंगरावांनी पाण्याखाली दोन्ही हात सैल केले. नुसते वर न्यायचे होते. बदक चोचीनं पिसं साफ करू लागलं. त्याची बारीक हालचाल मडक्यातून टाळूपर्यंत पोचत होती. दिवाळीला गोदावरीबाई त्यांच्या डोक्याला तेल चोळायच्या, त्यानंतर या डोक्याला कशाचाच स्पर्श झाला नव्हता. त्यांना अचानक रडू आलं. मडक्याच्या आत कुणी बघत नव्हतं, म्हणून त्यांनी ते आवरलं नाही. मान मात्र ताठ ठेवली, बदकाला धक्का लागू नये म्हणून.

कंटाळा आल्यावर बदक आपणहून उतरलं आणि गेलं.

भुजंगराव निथळत काठावर आले तेव्हा निंगम्मा अलीकडे येऊन पिळे वाळत घालत होती. ती कानडीतच बोलायची, त्यांना रायरे, म्हणजे रावसाहेब, म्हणायची. भुजंगरावांची कानडी तिच्याइतकीच चांगली होती.

"निसटलं," ते म्हणाले.

"निसटलं? रायरे, तुम्ही हातच वर केला नाहीत." तिनं एक धोतर झटकलं. "आणि एक विचारू? तुम्ही रोज बंदूक घेऊन येता, आणि रोज त्याला ओरडून सांगता, बदुकु, बदुकु. जग म्हणून आशीर्वाद द्यायचा आणि वर गोळी घालायची. ते मरेल कसं?"

"बदुकु कुठे म्हणतो मी? बदक म्हणतो, बदक. आमच्या मराठीत बातुकोळीला बदक म्हणतात."

निंगम्मानं धोतर तसंच हातात धरलं. "म्हणजे ज्याला मारायचं, त्याचं नावच तुमच्याकडे 'जग' आहे?"

ती पुन्हा हसत सुटली. भुजंगराव हसले नाहीत. दोन्ही शब्द जन्मापासून त्यांच्या तोंडात होते. एक आईच्या भाषेतला, एक रस्त्यावरचा. पण ते शेजारी शेजारी कधी बसले नव्हते. ओलं मडकं काखेत मारून ते घरी आले. वाटेत ते दोनदा थांबले. एकदा स्वतःशीच 'बदक' म्हणून पाहिलं, आणि एकदा 'बदुकु'.

नवमीला पहाटे त्यांनी तलवार, कट्यार आणि बंदूक पाटावर मांडली. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिले. नैवेद्याची जागा रिकामी होती. कट्यार कमरेला खोचून, बंदूक आणि मडकं घेऊन ते केऱ्यावर गेले. या वेळी दारू कोरडी होती. रात्री त्यांनी ती चुलीजवळ ठेवली होती. बार ठासला, टोपी चढवली आणि ते काठावर टेकले. मडकं शेजारी पालथं ठेवलं.

बदक दुरून त्यांच्याकडे बघत राहिलं. मग सरळ पोहत काठाला आलं, चिखलातून डुलत डुलत वर चढलं, अंग झाडलं, आणि पंख फडफडवत त्या मडक्यावर जाऊन बसलं. दुसऱ्याच्या कट्ट्यावर शेजारी येऊन बसतो, तितकं सहज.

आता मोतीबिंदूचं निमित्त नव्हतं. बंदुकीची नळी त्याच्या छातीपासून वीतभर होती. भुजंगरावांच्या डोळ्यांपुढे संताजी आला. कधी न पाहिलेल्या वाळूत, घोड्यावर, पाठमोरा. चापावर बोट गेलं. बदकानं एक डोळा मिटला. पोरगा की पाखरू, यात विचार करण्यासारखं काय होतं? आणि तरी बोट वाकेना.

"बदका," ते हळूच म्हणाले, आणि म्हणताच त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय म्हणालो.

गोदावरीबाईंनी ज्या शब्दानं मुलाला वाटेला लावलं, तो शब्द तोंडात असताना त्यांना चाप ओढता येईना. इथे एकाला जग म्हणून मारायचं आणि तिकडे दुसऱ्याला जग म्हणायचं, हे देवाला कसं कळायचं?

त्यांनी बंदूक मांडीवर आडवी घेतली, कमरेची कट्यार काढली आणि डाव्या अंगठ्यावरून ओढली. म्हातारं रक्त, यायला वेळ लागला. ते त्यांनी नळीच्या तोंडाला पुसलं, मग दस्त्याला पुसलं. रीत रक्ताची होती. कुणाच्या, हे पूर्वजांनी सांगून ठेवलं नव्हतं. चालेल की नाही, हे विचारावं असं माणूसही घरात नव्हतं.

बार मात्र भरलेला होता, आणि पूजेचा बार परत न्यायचा नसतो. त्यांनी नळी आभाळाकडे केली आणि चाप ओढला.

आवाज केऱ्यावरून घुमत गेला. धूर निवळला तेव्हा मडकं रिकामं होतं. बदक चामुंडीच्या डोंगराच्या दिशेनं उडत लहान होत गेलं, आणि थोड्याच वेळात अधू डोळ्यांना दिसेनासं झालं.

"लागलं का, रायरे?" निंगम्मानं पलीकडून विचारलं.

"लागलं," भुजंगराव म्हणाले आणि अंगठा मुठीत दाबून धरला.

दुसऱ्या दिवशी दसरा. सगळं म्हैसूर स्वारी बघायला राजरस्त्यावर लोटलं होतं. धुण्याच्या दगडांवरही कुणी नव्हतं. अंबाजीराव बोलवायला आले, तर दाराला कडी होती.

भुजंगराव गळ्याइतक्या पाण्यात मडकं घालून उभे होते. बंदूक घरी खुंटीवर होती. केरे मोकळं पडलं होतं, सोडून दिलेली मडकी तेवढी वाऱ्यानं एका बाजूला जमली होती. गावातून तोफांचे बार ऐकू आले. म्हणजे महाराजांचा हत्ती निघाला. पाणी गार होतं, आणि ते दोन भोकांतून कमळांकडे बघत होते.

बऱ्याच वेळानं त्यांनी हाक मारली. जोरात नाही, जवळच्या माणसाला मारावी तेवढीच. ती बदकाला होती, की डोंगरापलीकडे, समुद्रापलीकडे जो कुणी ऐकेल त्याला, हे त्यांनी ठरवलं नव्हतं.

"बदुकु."

मडक्यात घुमून तो शब्द त्यांच्याच कानांत परत आला, जाड आणि परका होऊन, दुसऱ्याच कुणी तो त्यांना म्हणावा तसा. भुजंगराव दचकले. मग कुणी येऊन बसलंच, तर धक्का लागू नये म्हणून त्यांनी मान ताठ केली आणि उभे राहिले.