कृष्णकमळाचा पडदा

"हे बघ पोरी, कृष्णकमळ बोट दिलं की हात धरतं. दोन घरांच्या मधे लावू नकोस," शेजारच्या शिवणवाल्या मावशींनी कुंपणावरून बजावलं होतं.

"धरू दे की, मावशी! एरवी मला कोण धरतंय?" असं म्हणत तिने ते हसण्यावारी नेलं. खरं तर तिला पडदाच हवा होता. मावशींच्या खिडकीतून तिचा पाळणा सरळ दिसे, आणि लगेच हाक येई, "अगं, शिंकलं बघ बाळ!" पहिलटकरणीचा जीव आधीच टांगणीला, त्यात हा पहारा.

इथली हवा ना धड उन्हाची, ना धड थंडीची. भुरभुर पाऊस मात्र बारमाही. वेल हां हां म्हणता वाढली. समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या झाकल्या गेल्या. खोलीत तळ्याच्या तळाशी असतो तसा हिरवा उजेड साचला. जांभळी फुलं काचेला गाल लावून उमलत आणि एका दिवसात मिटत. कालचं फूल कुठलं, आजचं कुठलं, कळेना. वारही तसेच एकमेकांत मिसळले. पानांमागून टक... टक... येई. बादलीत पागोळी पडत असेल, म्हणत ती त्याच तालावर बाळाला थोपटी आणि स्वतःच पेंगे.

एका दुपारी बाळाला काखेत मारून ती वेल छाटायला पलीकडे गेली. मावशींच्या मागच्या दाराच्या मुठीला वेलीच्या कुरळ्या तंतूंनी घट्ट वेटोळी घातली होती. किती नाजूक! ती बघतच राहिली. मग तिला आठवलं. चहाचा चोथा कुंड्यांत टाकायला मावशी रोज याच दारातून येत. रोज उघडणाऱ्या दाराला वेल बिलगेल कशी?

टक. आवाज दाराआडून आला.

तिने मूठ ओढली. आतून कडी नव्हती. वेलच तटतट तुटली. मावशी शिलाई मशीनपाशी आडव्या पडलेल्या, पाय वाकडा, ओठ सुकलेले. हातातली कात्री फरशीवर आपटत होत्या.

"मावशी!"

"रडतेस काय... आधी पाणी आण."

मावशींचा पाय अजून प्लास्टरमध्ये आहे. त्या किती दिवस ठोकत होत्या, हे ती विचारत नाही, त्याही सांगत नाहीत.

तुमच्या भिंतीपलीकडे कुणी एकटं राहत असेल, तर हे बाजूला ठेवा. उठा, आणि त्यांचं दार वाजवून या.