मोतीरामने उचललेली टाळू

‘पाय आभाळाला, डोकं भुईला, टाळू आली बाई जागेला...’

दिंडोरीकडच्या मोतीराम भगताचा हा आवाज अजून कानात आहे. लसीकरणाला गेलो असताना ऐकलेला. हगवणीनं सुकलेलं, टाळू खोल गेलेलं पोर तो घोट्यांना धरून उलटं टांगायचा, गदागदा हलवायचा. टाळू वर यायची. रडणारं पोर गप्प व्हायचं. रांगेतल्या बाया हात जोडायच्या.

“हे थांबवा,” मी म्हणालो.

“डॉक्टर, तुमच्या सुईनं पोरं रडत्यात. माझ्या हातानं झोपत्यात.” सगळे हसले.

शहाऐंशी साली नाशिकला आमच्या वॉर्डात पुंजा नावाच्या कामगाराचं तान्हं लेकरू आलं. झटके येत होते. अंगावर मार नाही, फक्त घोट्यांवर बोटांचे वळ. मुंबईला पाठवून मेंदूचा स्कॅन काढून आणला. फिल्मवर कवटीच्या आत पांढरं, ताजं रक्त. शेजारी काळपट, बहुधा जुनं. जीव वाचेल असं वाटत होतं. नजरेचं सांगता येत नव्हतं.

“बाप पितो,” चौकशीला आलेले फौजदार म्हणाले. “अंबडच्या कारखान्यातून येतो, चिडतो, पोराला आपटतो. तेवढं लिहून द्या.”

“डोक्याला जोराचे हिसके बसले असावेत, कदाचित एकाहून जास्त वेळा. फिल्म एवढंच सांगते. हात कोणाचा, ते तिच्यात उमटत नाही.”

“मग तिचा उपयोग काय?”

मला संताप आला. फौजदारांचा, त्याहून त्या घराचा. आई विमल नुसती रडत होती. पुंजा म्हणे, “मला न्या, पण पोराला बघा.” आणि त्याची आई, चंद्रभागाबाई, तोंडात पदर धरून बसलेली.

मी तिच्यासमोर फिल्म उजेडात धरली. “आजी, अंगातलं पाणी आटलं की टाळू बसते. उलटं टांगलं की डोक्यात रक्त उतरतं आणि ती फुगते. हिसक्यानं आतली शीर तुटली, तर फुगलेलीच राहते. आणि पोर गप्प होतं ते बरं वाटून नाही, शुद्ध हरपून. याचे घोटे कोणी धरले होते?”

फौजदारांनी पुंजाच्या दंडाला धरलं.

“त्याला सोडा,” चंद्रभागाबाई उठली. “म्या नेलं व्हतं मोतीरामकडं, दोनदा. घरात सांगशील तर गुण जाईल, म्हणला. म्हून सुनेलाबी नाय सांगितलं.” तिनं पदर सोडला. “आजबी तिथं बाया बसल्या असतील. मला जीपमधी घ्या, साहेब. सांगते त्यांना, लेकराला मीठ-साखरेचं पाणी पाजा, दवाखान्यात न्या, पण त्याच्या हातात देऊ नका. माझं बघा काय झालं.”