कापडी छताची गाडी

सावंगीच्या दवाखान्यातले एक भूलतज्ज्ञ डॉक्टर नोकरी सोडून निघाले होते आणि त्यांची जुनी लाल गाडी क्वार्टरच्या मागे ताडपत्रीखाली पडून होती, एवढंच मेघा ताकसांडे जेवताना सहज बोलून गेली. ती त्याच दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर. ड्युटीवर काय काय झालं ते घरी येऊन सांगायची तिची सवय, आणि हं हं म्हणत भाकरी मोडायची तिच्या नवऱ्याची, अश्वजितची. त्या दिवशी मात्र त्याचा हात ताटातच थांबला. गाडी दोन दारांची आहे का, छत कापडाचं आहे का, असं त्यानं लागोपाठ विचारलं.

"हो," मेघा म्हणाली. "काऊन?"

अश्वजित वर्ध्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायचा. नागपूरला एम. ए. करत असताना तो सायकलवर लॉ कॉलेज चौकात सिग्नलला थांबला होता, तेव्हा अगदी तशीच गाडी त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. छत मागे दुमडलेलं, इंजिनाचा आवाज खर्जातला. सिग्नल हिरवा झाला, गाडी निघून गेली आणि मागचे लोक ओरडेपर्यंत हा तिथंच उभा. गोव्याकडे कुठल्याशा छोट्या कारखान्यात अशा गाड्या थोड्या दिवस बनल्या आणि मग बंदच झाल्या. इतक्या वर्षांत त्यानं ही गोष्ट बायकोला कधी सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी डॉक्टरांकडून विकत घेतलेली ती गाडी टेम्पोवर चढून आर्वी नाक्याजवळच्या त्यांच्या घरी आली. लाल रंग उन्हानं गुलाबी झालेला, टायर चपटे, छताला हात जाईल एवढी फाट. शेजारच्या मंदाबाई फाटकाशी येऊन बराच वेळ पाहत राहिल्या आणि ही चालते का, असं त्यांनी विचारलं. अश्वजित म्हणाला, चालेल. घरात एक चांगली चारचाकी होती आणि एक स्कूटर होती. मुलगा नीरज हैदराबादला नोकरीला लागल्यापासून चारचाकीही अर्धा वेळ उभीच असायची.

गाडी गॅरेजला द्यायची नाही, आपणच करायची, असं अश्वजितनं ठरवलं होतं. त्यानं पान्यांचा एक सेट आणला, मोबाइल बोनेटवर उभा केला आणि व्हिडिओ पाहत पाहत कामाला लागला. टाकीतल्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येत होता, ते काढून टाकलं. पेट्रोलचा रबरी पाइप हातात घेतल्याबरोबर तुटला, तो बदलला. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदरांनी सरकीसकट कापूस आणून अंथरूण घातलेलं. नवी बॅटरी बसवली, प्लग बदलले, ऑइल बदलताना अर्धं स्वतःच्या शर्टावर घेतलं, आणि एका संध्याकाळी गाडी खोकून खोकून सुरू झाली. धूर इतका झाला की मंदाबाईंनी वाळत घातलेले कपडे उचलून आत नेले. अश्वजित आनंदानं गाडीत बसला आणि त्यानं ब्रेक दाबून पाहिला, तर पेडल सरळ तळाला जाऊन टेकलं.

ब्रेकच्या पाइपमध्ये हवा शिरली होती. ती काढायची म्हणजे एकानं आत बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं चाकाशी बसून छोटा नट सैल करायचा. एकट्याचं काम नव्हतं. तो घरात गेला, मेघाच्या आसपास थोडा घुटमळला, आणि शेवटी म्हणाला की जरा पाय लागतो.

"माझा पाय?"

"ब्रेक दाबाले. मी खाली बसतो."

मेघा ओढणी खोचून आली. सीटवर बसली तर तिची हनुवटी स्टेअरिंगच्या बरोबरीला आली, म्हणून काठावर सरकून बसली. तो खालून सांगे, दाब, धर, सोड. थोड्या वेळानं तिनं आपण काय करतो आहोत असं विचारलं. त्यानं समजावून सांगितलं, नटातून पारदर्शक नळीत बुडबुडे येतात, ते यायचे थांबले की झालं. मेघा उतरून खाली वाकली आणि नळीकडे बघून म्हणाली, "हे तर सलाइनसारखंच हाय. आम्ही रोज काढतो नळीतली हवा. तुम्ही नट बंद करायच्या आधीच मले सोड म्हणता, म्हून हवा परत आत जाते."

दोघांनी जागा बदलल्या. ती चाकाशी बसली, तो पेडलवर. चारही चाकं झाली तेव्हा पेडल दगडासारखं घट्ट लागलं. अश्वजितनं गाडी फाटकापर्यंत नेली, थांबवली, मागे आणली, पुन्हा थांबवली. मेघा पायरीवर बसून हात पुसत बघत होती आणि तिला हसू येत होतं. मागची दोन वर्षं त्या दोघांची बोलणी गॅसची टाकी, दूध आणि नीरजचा फोन यांच्यापलीकडे फारशी गेली नव्हती. त्या दिवशी जेवताना ती ब्रेकबद्दल विचारत राहिली आणि तो कागदावर आकृत्या काढत राहिला.

मग रविवार दोघांचा झाला. मेघा स्टुलावर बसे, शेजारच्या स्टीलच्या ट्रेमध्ये पाने ओळीनं मांडलेले. तो न बघता हात मागे करी आणि ती हवा तो पाना त्याच्या तळहातावर ठेवी. काम संपलं की बोनेट बंद करायच्या आधी ती पाने आणि फडकी मोजत असे. थिएटरमध्ये टाके घालण्याआधी जसं मोजतात, तसं. अश्वजितला याचा कंटाळा यायचा. एकदा पट्टा बदलून झाल्यावर तो किल्ली फिरवायलाच बसला होता, तर तिनं त्याचा हात धरला. एक फडकं कमी होतं. पडलं असेल कुठंतरी, तो म्हणाला. ती हलली नाही. शोधलं तेव्हा ते फडकं नव्या पट्ट्यात आणि पुलीच्या मध्ये नीट अडकून बसलेलं सापडलं. त्यानंतर तो स्वतःच म्हणायला लागला, मेघा, मोजून घे.

छताचं काम मोठं निघालं. तयार छत कुठंच मिळेना. मेघानं जुन्या छतावर चादर पसरून खडूनं माप काढलं आणि ती चादर घेऊन दोघं रामाजींकडे गेले. रामाजी ऑटोरिक्षाचे हूड शिवायचे. ते गाडी बघायला स्वतः घरी आले, तिच्याभोवती एक फेरी मारली, लोखंडी दांड्या उघडून मिटून पाहिल्या आणि म्हणाले की ही रिक्षाच आहे मॅडम, एक चाक जास्त आहे एवढंच. रिक्षाच्याच काळ्या रेक्झिनचं छत त्यांनी शिवून दिलं, मागे पारदर्शक प्लास्टिकची खिडकी लावून. पहिल्यांदा ते इतकं घट्ट बसलं की दोघं दोन बाजूंनी ओढत होते तरी बटण लागेना. गाडी दुपारभर उन्हात ठेवली, रेक्झिन सैल झालं आणि बटणं लागली.

बारीकसारीक सुधारणा तर चालूच होत्या. हेडलाइट मिणमिणते होते, त्यांना जाड वायर आणि रिले लावून उजेड वाढवला. मोबाइल चार्ज करायची सोय केली. अश्वजितला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवायचा होता, त्याला मेघानं एका शब्दात नकार दिला. पंख्याच्या आणि दिव्यांच्या वायरी लोंबत होत्या, त्या त्यानं प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळून अशा सरळ बांधल्या की बोनेट उघडून बघत राहावं. आणि एका रविवारी मेघा पेडल दाबायला आत बसली, तर तिला समोरचा रस्ता पूर्ण दिसला. त्यानं सीटच्या रुळांखाली लोखंडी ठोकळे घालून सीट उंच केली होती.

"तुमचं डोकं आता छताले लागन," ती म्हणाली.

"मी वाकून बसीन. तू चालवून तर पाह्य."

ती नको म्हणाली. बऱ्याच वर्षांपूर्वी ड्रायव्हिंग क्लासमध्ये तिनं शिकवणीची गाडी नालीत घातली होती, आणि शिकवणाऱ्यानं ते गावभर सांगितलं होतं. लायसन मिळालं, पण तेव्हापासून ती स्कूटरच्या पुढे गेली नव्हती. तरी त्या हिवाळ्यात सकाळी रिकाम्या रस्त्यावर तिनं गाडी थोडीथोडी चालवली. समोरून काही आलं की ती सरळ थांबायची आणि त्याला स्टेअरिंगवर बोलवायची. तो बोलवल्याबरोबर जायचा आणि गाडी पुढे काढायचा.

मेघाची मोठी बहीण धुरपता हिंगणीला राहायची. गाडी झाली की पहिली तिकडे आणायची, असं तिनं फोनवर बजावून ठेवलं होतं. डिसेंबरातल्या एका रविवारी दोघं छत मागे टाकून निघाले. पवनारपर्यंत गाडी मजेत चालली. मोटारसायकलवाले शेजारी येऊन बघायचे, मेघा आधी लाजली आणि मग त्यांना हात करायला लागली. सेलूला कापसानं लादलेल्या गाड्यांची रांग लागली होती. तिच्यात अडकल्यावर तापमानाचा काटा हळूहळू चढायला लागला आणि लाल खुणेला टेकला.

अश्वजितनं गाडी कडेला घेतली, बोनेट उघडलं आणि घाईत रेडिएटरचा पाइप हातानं चाचपला. तळहात भाजला. तोवर माणसं जमली होती. कुणी म्हणालं थंड पाणी ओता, कुणी म्हणालं झाकण उघडा, एकजण तर हातात रुमाल गुंडाळून झाकणाकडे निघालासुद्धा. मेघानं त्याला अडवलं. "कोणी हात लावू नका," ती शांतपणे म्हणाली. "तापलं हाय ते, आतलं पाणी तोंडावर उडन. आधी थंड होऊ द्या." थिएटरमध्ये ती याच आवाजात बोलायची. माणसं मागे सरली. तिनं बाटलीतलं पाणी अश्वजितच्या हातावर ओतलं, त्याला चहाच्या टपरीवरच्या बाकावर बसवलं आणि चहा सांगितला.

इंजिन निवल्यावर दोघं बोनेटपाशी आले. अश्वजितनं किल्ली फिरवून थोडा वेळ इंजिन चालू ठेवलं. काटा चढला तरी पंखा फिरत नव्हता. मेघानं वायरीवरून बोट फिरवत नेलं आणि पंख्यापाशी थांबली. जोडणीतून एक वायर निसटलेली होती. इतकी आवळून बांधली होती की इंजिन हललं तशी ती ओढली जाऊन बाहेर आली.

अश्वजितनं ते पाहिलं. "हे माझंच काम हाय," तो म्हणाला. "लय सुंदर बांधलं होतं."

"मग आता थोडं कमी सुंदर बांधू."

पर्समधल्या नेलकटरनं तिनं पट्टी कापली. जोडणीतली वाकलेली पत्ती भुवयांच्या चिमट्यानं सरळ केली, वायर आत सरकवली आणि मोकळी सोडली. इंजिन पुन्हा सुरू केलं. काटा चढत गेला, दोघं पंख्याकडे बघत राहिले, आणि पंखा घर्र करून फिरायला लागला. रुमालवाला माणूस सगळ्यांत जास्त खूश झाला. रेडिएटरात पाणी भरून, बोनेट लावून झालं तेव्हा मेघानं नवऱ्याचा तळहात उलगडून पाहिला. मधोमध फोड आला होता. या हातानं गिअर बदलणं काही जमणार नव्हतं.

"थोडं थांबू," तो म्हणाला. "दुखणं कमी होईन."

मेघानं रस्त्याकडे पाहिलं. कापसाच्या गाड्या पुढे सरकल्या होत्या. ती वळसा घालून आली, ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि आरसा नीट करत म्हणाली, "बसा इकडं. फक्त मले डावीकडचं सांगजा."

सुरुवातीला तिचे खांदे कानापर्यंत वर आले होते. समोरून एसटी आली तेव्हा ती थांबली नाही. बाजूला घेतली, एसटी जाऊ दिली आणि पुढे निघाली. हिंगणीच्या रस्त्याला लागल्यावर गर्दी संपली. दोन्हीकडे तूर उभी होती आणि लांब बोर धरणाकाठच्या जंगलाची रेघ दिसत होती. तिनं गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली. वारा डोक्यावरून जात होता. अश्वजित डावीकडचं सांगायला विसरला होता, आणि तिलाही त्याची आठवण राहिली नाही.

धुरपताबाई रस्त्यावरच उभ्या होत्या. बहीण गाडी चालवत येते आहे हे पाहून त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला आणि नवऱ्याला, नत्थूभाऊंना, हाक मारली. जय भीम झाला, पाणी झालं, अश्वजितच्या हाताला मलम लागलं. जेवायला अजून वेळ होता. धुरपताबाईंनी गाडीला हात लावून पाहिला आणि धरणापर्यंत एक चक्कर मारून आणते का, असं धाकट्या बहिणीला विचारलं. त्यांनी मेघाच्या उत्तराची वाटही पाहिली नाही. चपला झटकून आत जाऊन बसल्या.

लाल गाडी वळणावर दिसेनाशी झाली. अश्वजित आणि नत्थूभाऊ अंगणात खाटेवर बसले. नत्थूभाऊंनी भेंडी आणि वांग्याचा हंगाम कसा गेला ते सांगितलं, मग यंदाचा हरभरा सांगितला. अश्वजितचं अर्धं लक्ष रस्त्याकडे होतं. धुरपताबाईंनी आधीच करून झाकून ठेवलेली वांग्याची भाजी निवली, भाकरी निवल्या, तरी बायका आल्या नाहीत. शेवटी इंजिनाचा तो खर्जातला आवाज लांबून आला.

धुरपताबाईंचे केस पूर्ण विस्कटले होते आणि त्या हसत होत्या. धरण झाल्यावर आणखी पुढं गेलतो, त्यांनी सांगितलं, एका ठिकाणी माकडं छतावर बसायला आली तर त्यायले छतच सापडलं नाही. मेघा उतरली, किल्ली तिनं अश्वजितच्या चांगल्या हातात दिली नाही, पर्समध्ये टाकली. हात धुता धुता ती म्हणाली, "डाव्या चाकातून वळताना कटकट आवाज येते. तुम्हाले कधी आला का?"

त्याला कधीच आला नव्हता. तो उठून चाकाशी जाऊन बसला, आणि धुरपताबाईंनी आधी जेवून घ्या म्हणून दोघांनाही आत बोलावलं.