अण्णांच्या कानाचा डबा

मी एक पत्र्याचा डबा. माझ्यातली चहाची पावडर संपली, तेव्हाच मी भंगारात जाणार होतो. पण घरातल्या आजोबांनी, म्हणजे अण्णांनी मला मागून घेतलं. "असू दे, खिळे ठेवायला होईल."

खिळा मात्र एकही आला नाही. अण्णांच्या मुलाला कचरा वेगवेगळा करण्याचं भारी वेड. जेवायला बसलं की सुरू! "बाटली वेगळी, बूच वेगळं. लिफाफ्याची प्लॅस्टिकची खिडकी आधी फाडायची..." तेवढ्यात अण्णा कानातलं यंत्र हळूच काढत, रुमालात गुंडाळून माझ्यात ठेवत आणि शांतपणे मान हलवत जेवत.

"अण्णा बघ किती मन लावून ऐकतात!" मुलगा बायकोला म्हणे. मी झाकण घट्ट मिटून घेई.

या रविवारी जेवताना मुलाने विचारलं, "अण्णा, हा डबा रिकामाच आहे ना? टाकू?"

अण्णांनी सवयीने मान हलवली.

पिशव्या धरायला अण्णाही पुनर्वापर केंद्रावर आले. तिथे कागद, काच, प्लॅस्टिक आणि पत्रा यांचे चार पिंजरे होते. मी पत्र्याच्या पिंजऱ्यात पडलो. शेजारी डबे चपटे करणारं यंत्र. अण्णांनी मला पाहिलं आणि ओरडले, "थांबवा! माझा कान आहे त्यात!"

केंद्रावरच्या बाईंनी बटण बंद केलं. "काका, इथे फक्त पत्रा घेतो. कान नाही घेत आम्ही."

रुमाल उघडला. मुलगा बघतच राहिला. अण्णांनी आधी यंत्र कानात बसवलं, मग म्हणाले, "तू बुचांवर आलास की काढून ठेवतो."

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं."

"मग मान कशाला हलवत होता?"

"बोलताना तू खूश दिसतोस रे."

बाईंनी मला उचललं. "हा परत नेताय?"

"नको," अण्णा म्हणाले. "आता काय लपवायचंय?"

"त्याच्यावरचा कागद सोलायचा..." मुलाची जीभ अर्ध्यातच थांबली.

"बोल की," अण्णा म्हणाले. "यंत्र कानात आहे."

मग दोघांनी मिळून माझा कागद सोलला. मुलगा बोलत होता, अण्णा मधेच "पुरे" म्हणत होते, आणि तो खरंच थांबत होता.

आता मी उघडाबोडका रांगेत आहे. यंत्र घरघरतंय. वितळून पुढे कोण होईन, ठाऊक नाही. जाता जाता एवढंच सांगतो. डबा टाकण्याआधी उघडून बघा. आणि समोरचा फारच मान हलवत असेल, तर त्याच्या कानाकडेही एकदा बघा.