चार मागांचा तोरा

"बाई, तुमचे चार माग आहेत. ही योजना गरिबांसाठी आहे," कारकून म्हणाला आणि त्यानं कागद परत ढकलला.

सुवर्णानं तो तिथंच हातानं दाबून धरला. "दोन हाइत. दोन आमचे आनि दोन माझ्या दिराचे, शामूभावजींचे. शेड एकच हाय म्हणून सगळे एका जागी दिसत्यात. या की शहापूरला, डोळ्यानं बघा!"

"मी कशाला बघू? तुमच्या नवऱ्यानंच तोंडानं चार सांगितलेत. खाली साक्षीदाराची सही आहे."

सुवर्णानं वाकून पाहिलं. मारुतीराव, निपाणी. तिच्या होणाऱ्या व्याह्यांचीच सही होती ती.

आता ही सही तिथं कशी आली, ते सांगायलाच पाहिजे. असलं शहाणपण आमच्या बेळगाव-शहापूरचा विणकरच करू जाणे. सहा महिन्यांमागं मारुतीराव आणि त्यांची मंडळी सुवर्णाच्या पोरीला, रक्षाला, बघायला आली होती. पोहे झाले, चहा चालू होता आणि नेमका त्याच वेळी हा कारकून घरोघरची यादी करत दारात उभा राहिला. "मग्ग एष्टु?" त्यानं कन्नडमधून विचारलं, माग किती? मागच्या शेडमध्ये चारही माग खडखडत होते. पाहुण्यांनी बशी खाली ठेवून कान टवकारले. झालं! सुवर्णाचा नवरा जोतिबा, एरवी देवासारखा माणूस, छाती फुगवून म्हणाला, "नाल्कु!" चार! कारकुनाला साक्षीदार पाहिजे होता, तर व्याही समोरच बसलेले. मारुतीरावांनी ऐटीत सही ठोकली. सुवर्णा आतून सगळं ऐकत होती आणि तीही गप्पच राहिली. आज तिला तेच जास्त झोंबत होतं.

आता जोतिबाच्या त्याच छातीतल्या तीन नळ्या तुंबल्या होत्या. डॉक्टरनं पंधरा दिवसांत ऑपरेशन करा म्हणून सांगितलं होतं. योजनेत बसलं तर फुकट, नाहीतर दोन्ही माग विकूनही अर्धा खर्च निघाला नसता. जुन्या मागाला हल्ली कोण विचारतो? भंगारवाला किलोवर उचलतो. शामूभावजी म्हणालेच होते, "वैनी, इकून टाकू." सुवर्णा उसळून म्हणाली होती, "माणूस वाचवून आणायचा आनि उपाशी मारायचा व्हय? माग हलायचा न्हाय!"

कारकून तसा वाईट नव्हता. त्यानं एक कोरा अर्ज काढून दिला. "दुरुस्ती होईल. पण याच साक्षीदाराची सही लागेल, की आधीचा आकडा चुकीचा होता."

ती तडक दवाखान्यात आली. खाटेवर जोतिबा पडला होता आणि रक्षा त्याला पेज भरवत होती. सगळं ऐकल्यावर त्यानं वाटी बाजूला सारली.

"निपाणीला जायचं न्हाय. त्यांनी चार माग बघून पोरगी पसंत केलीया. आता दोनच हाइत म्हणून सांगणार तू? माझं नाक कापून घेणार?"

"आदी जीव राहू दे, मग नाकाचं बघू."

"तू गेलीस तर मी ऑपरेशनच्या कागदावर सहीच करणार न्हाय. सांगून ठेवतो."

सुवर्णाचं डोकं सणकलं. आजूबाजूच्या चार खाटांवरचे लोक बघत होते, बघेनात का! "ऐका मग. तुमच्या खोट्या तोऱ्यापायी मी पांढऱ्या कपाळानं फिरायची न्हाय. तीस वर्सं तुमच्या बरोबरीनं माग चालवला, सुताच्या कांड्या भरून भरून बोटं गेली माझी. आनि तुमी एका शब्दापायी मराय निघालासा? लाज वाटाय पायजे!"

"पोरीचं लगीन मोडंल गं," जोतिबाचा आवाज बारीक झाला.

"मोडू दे की, आप्पा," रक्षा म्हणाली. "माग मोजून सून करणारं घर मलाबी नकोच हाय. आई, चल, मी येतो."

कर्नाटकात बायकांना बस फुकट, एवढं एक बरं होतं. दोघी आधारकार्ड दाखवून निपाणीच्या गाडीत बसल्या. वाटेत सुवर्णाचा धीर दोनदा सुटला. संकेश्वरला गाडी थांबली तेव्हा तर उतरून माघारी जावं असं तिच्या मनात आलं. मग तिला खाटेवरचा नवरा आठवला आणि ती घट्ट बसून राहिली.

मारुतीराव आपल्या पिठाच्या गिरणीतच सापडले, भुवयांपर्यंत पांढरे झालेले. अचानक दारात विहीणबाई बघून ते गडबडले. त्यांनी खुर्ची पुढं केली. सुवर्णा बसली नाही. उभ्यानंच तिनं सगळं सांगून टाकलं आणि अर्ज पुढं धरला.

मारुतीरावांचा चेहरा बदलला. "म्हणजे फसवलासा आमाला? माझ्याच दारात येऊन माझ्याच सहीनं मला खोटा पाडणार? ही कसली माणसं म्हणायची!"

"खोटं बोलली ती आमची माणसं. तुमच्यावर बट्टा न्हाय. लगीन मोडायचं तर खुशाल मोडा, मी पाया पडायला आलेली न्हाय. पण सही घेतल्याबिगर इथनं हलायची न्हाय. गिऱ्हाइकं येऊ देत, त्यांच्यासमोर बसून राहतो."

"सही मिळायची न्हाय!"

तेवढ्यात मागचं दार उघडलं. मारुतीरावांची बायको जयाबाई आत आल्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं.

"करा सही," त्या म्हणाल्या.

"तू मधे पडू नको."

"का पडू नको? बघायला गेलतो तवा दोन गिरण्या हाइत म्हणून कोण बोललं? विहीणबाई, दुसरी गिरणी तीन वर्सांमागंच गेली. माझी गर्भाची पिशवी काढायची व्हती. दवाखान्यात भरलं सगळं. ही एकच उरलीया, आनि हे गावभर दोन सांगत फिरत्यात."

मारुतीरावांनी हात झटकले, खाली बघितलं, पेन घेतला आणि पिठाळ बोटांनी सही केली. मग घसा खाकरून म्हणाले, "लग्नाचं म्हणाल तर आमच्याकडनं काय अडचण न्हाय."

सुवर्णानं रक्षाकडं बघितलं.

"आमच्याकडनं हाय," रक्षा म्हणाली. "आप्पा बरं झालं की ते येतील तुमची गिरणी बघायला. मग आमी काय ते कळवू."

जयाबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

कचेरी बंद व्हायच्या आत दोघी बेळगावात पोचल्या. कारकून पिशवी उचलून निघालाच होता. सुवर्णानं त्याला परत खुर्चीवर बसवला, शिक्का मारून घेतला आणि ते कागद दवाखान्यातल्या योजनेच्या खिडकीत देऊन पोचपावती घेतली. तिथल्या पोरानं ऑपरेशनचा संमतीचा कागद हातात दिला. त्यावर पेशंटची सही हवी होती.

जोतिबा भिंतीकडं तोंड करून पडला होता. कागद बघितला, पण हात पुढं केला नाही.

"गेलतीस ना शेवटी?"

"गेलतो. सही आनली."

"आनि अब्रू घालवून आलीस." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय तोंड दाखवू आता मारुतीरावांना? दोन गिरण्यांचा मालक माणूस त्यो!"

"एकच हाय," सुवर्णा म्हणाली. "दुसरी जयाआक्कांच्या ऑपरेशनला गेली. त्यांनी सौता सांगितलं, माझ्यासमोर."

जोतिबा कोपर टेकून हळूच उठून बसला.

"म्हणजे तिकडंबी थापच व्हती?"

"व्हय."

"आनि थाप उघडी पडूनबी त्यो माणूस जिता हाय, गिरणी चालवतोय?"

"चालवतोय की. पिठानं माखला व्हता."

"मग मी एकट्यानंच कशाला मरायचं?" जोतिबा म्हणाला. "आण गं तो कागूद."